सर्वांत विषारी साप कोणता?

सापांविषयी बोलायला आम्ही कोणत्याही शाळेत गेलो, की हा प्रश्न हमखास येतो. पुस्तकी उत्तर आहे ऑस्ट्रेलियातील 'इनलँड तैपान'. पण हे उत्तर कसे ठरले ते सांगितल्याशिवाय शिक्षकांनी ते देऊ नये, असे आमचे मत आहे.

विषाची तीव्रता उंदरांवर मोजतात. उंदरांचे गट करून प्रत्येक गटाला विषाची वेगवेगळी मात्रा टोचतात आणि किती मात्रेने निम्मे उंदीर मरतात ते काढतात. ट्रेव्हन यांनी १९२७ साली सुचवलेल्या या मापाला एलडी-५० म्हणतात. आकडा जितका लहान, तितके विष जहाल. (मुले इथे हटकून उलटे समजतात.) तैपानच्या बाबतीत हा आकडा उंदराच्या दर किलो वजनामागे अवघा ०.०२५ मिलिग्रॅम आहे.

आता आपली घोणस घेऊ. तिचे विष उंदराच्या शिरेत टोचले तर एलडी-५० सुमारे ०.१३ मिलिग्रॅम येते, कातडीखाली टोचले तर सुमारे ०.७५. विष तेच, प्राणी तोच. फक्त सुईची जागा बदलली आणि आकडा पाचपटींहून अधिक वाढला. तेव्हा एका सापाचा शिरेतला आणि दुसऱ्याचा कातडीखालचा आकडा शेजारी मांडून केलेल्या यादीला काही अर्थ नाही. अशा याद्या मात्र सर्रास छापल्या जातात.

शिवाय एका दंशात विष किती उतरते, हे या आकड्यात येतच नाही. नागराजाचे विष वजनास वजन घेतले तर मण्यारीच्या विषापेक्षा सौम्य, पण तो मण्यारीच्या कितीतरी पट विष सोडू शकतो.

तैपान ऑस्ट्रेलियाच्या ओसाड अंतर्भागात राहतो. माणसाशी त्याची गाठ क्वचितच पडते. भारतात मात्र २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, आणि त्यांतली बहुतेक खेड्यांतली. घोणस शेतात, बांधावर असते. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही बहुधा येत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, आणि पुढे श्वास अडतो.

आणखी एक गोष्ट वर्गात फळ्यावर मांडण्याजोगी आहे. एलडी-५० दर किलोमागे मोजतात, पण साप समोरच्याचे वजन पाहून विष सोडत नाही. साठ किलोच्या बापाच्या अंगात जेवढे विष गेले असते, तेवढेच वीस किलोच्या मुलाच्या अंगात गेले, तर किलोमागे त्याची मात्रा तिप्पट होते. म्हणूनच सर्पदंशाची लस मुलांना मोठ्यांइतकीच देतात. तिला निष्प्रभ करायचे असते ते अंगात शिरलेले विष, आणि ते मुलाच्या अंगातही कमी नसते.