घर विकण्याआधी किंमत कोण ठरवतं?

वडिलांच्या माघारी गावातलं घर विकायचं ठरलं की पहिला आकडा एजंट सांगतो आणि तोच धरून भाऊ वाटे करतात. आम्हाला हे पटत नाही. बहिणीचा हिस्सा भावाच्या निम्मा, आईचा आठवा, पण कशाचा? किंमतच कमी धरली तर शरीअतचा हिशेब नावापुरता उरतो.

रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी असतो, बाजारभाव त्याहून वर-खाली असू शकतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शेजारच्या ताज्या व्यवहारांची सूची 2 पाहावी. जुन्या कौलारू घराचं मोल बहुतेक जमिनीत असतं: रस्ता केवढा, हद्द मोजलेली आहे का, कागदावर नाव कोणाचं. अजून आजोबांचंच नाव असेल तर घेणारा तिथेच भाव पाडतो, म्हणून वारसनोंद आधी करावी.

नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून लेखी अहवाल घ्यावा. घर 2001 पूर्वीचं असेल तर 1 एप्रिल 2001 ची किंमतही काढून घ्यावी. भांडवली नफ्याच्या करात ती लागते. हा अहवाल बहिणींनाही दाखवा. ‘आपाला यातलं काय कळतं’ हे आम्ही फार घरांत ऐकलंय. आणि घर एखादा भाऊच ठेवून घेणार असेल, तरी वाटे याच आकड्यावर व्हावेत.