फासे टाकणारी मुले वाया जात नाहीत

आयर्लंडमधील युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्क या विद्यापीठात दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस ‘वॉर्पकॉन’ भरते. बोर्ड गेम, पत्त्यांचे खेळ, युद्धखेळ आणि रोल-प्लेइंग गेम यांचे हे संमेलन ‘वॉर्प्स’ ही विद्यार्थ्यांची संस्था १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालवत आली आहे. अशा संमेलनांचे नाव काढले की पालकांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्यामागचे काही गैरसमज दूर व्हायलाच हवेत.

गैरसमज : हे व्हिडिओ गेमच असणार.

वस्तुस्थिती : रोल-प्लेइंग गेमला स्क्रीन लागत नाही. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक गेम मास्टर होतो आणि गोष्टीतले जग, माणसे, संकटे उभी करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपले पात्र आता काय करणार, ते बोलून सांगतात. या प्रकारातला पहिला प्रकाशित खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ साली आला, तेव्हा घरोघरी संगणक नव्हते.

गैरसमज : फासे आले म्हणजे जुगार आला.

वस्तुस्थिती : इथे पैसा पणाला लागत नाही. समजा, खेळाडू म्हणाला, ‘मी पहारेकऱ्याची नजर चुकवून आत शिरतो.’ गेम मास्टर अवघडपणा ठरवतो : १५. खेळाडू वीस बाजूंचा फासा टाकतो आणि पात्राच्या चपळाईचे ४ गुण त्यात मिळवतो. ११ किंवा जास्त पडले तर काम फत्ते, म्हणजे शक्यता बरोबर निम्मी. फसले तरी खेळ थांबत नाही. पहारेकरी ओरडतो आणि गोष्ट नवे वळण घेते.

गैरसमज : या खेळांनी मुलांच्या डोक्यावर परिणाम होतो.

वस्तुस्थिती : ही भीती अमेरिकेतून पसरली. १९७९ मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतला १६ वर्षांचा एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि वर्तमानपत्रांनी त्याचा संबंध ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’शी जोडला. पुढे उघड झाले की तो मुलगा नैराश्याने ग्रासलेला होता; खेळ हे कारण नव्हते. तरीही १९८० च्या दशकात या खेळाविरुद्ध मोहीम चालली. स्वतः खेळांची रचना करणारे मायकेल स्टॅकपोल यांनी १९९० मध्ये त्या मोहिमेतले दावे एकेक करून तपासले आणि त्यांतल्या चुका दाखवून दिल्या. आपले मूल उदास दिसत असेल, तर खेळाला दोष देण्याआधी त्याच्याशी बोलावे.

गैरसमज : नियमांची जाडजूड पुस्तके वाचल्याशिवाय तिथे जाऊन उपयोग नाही.

वस्तुस्थिती : संमेलनातले बहुतेक डाव काही तासांत संपणारे असतात. पात्रे आधीच तयार करून ठेवलेली असतात. पात्राची माहिती लिहिलेला कागद हातात येतो आणि नियम खेळता खेळता समजतात. फासे नसले तर शेजारचा देतो. बहुतेक रोल-प्लेइंग गेममध्ये कोणी जिंकत नाही की हरत नाही. सगळ्यांनी मिळून गोष्ट तडीस न्यायची असते. त्यामुळे अबोल मुलालाही तोंड उघडायला निमित्त मिळते.

गैरसमज : विद्यार्थ्यांनी भरवलेले संमेलन म्हणजे पोरखेळ.

वस्तुस्थिती : खोल्या मिळवणे, वेळापत्रक लावणे, गेम मास्टर जमवणे, प्रत्येक डावाला पुरेसे खेळाडू बसवणे, पै-पैचा हिशोब ठेवणे हे सगळे विद्यार्थीच बिनपगारी करतात. जुनी मुले पदवी घेऊन बाहेर पडतात, तेव्हा नव्यांच्या हाती काम सोपवावे लागते. वॉर्पकॉनमध्ये लिलाव होतो, त्याचे पैसे धर्मादाय कामाला जातात. खेळायला बाहेरचेही येतात. एकेकाळी इथेच राबलेले माजी विद्यार्थीही असतात. दशकानुदशके टिकलेल्या अशा उपक्रमाला पोरखेळ म्हणणे अन्यायाचे आहे.

शिकायला आयर्लंडला जाणाऱ्या मराठी मुलांनी जानेवारीतला हा शनिवार-रविवार जरूर राखून ठेवावा. इथल्या महाविद्यालयांनीही आपल्या विद्यार्थ्यांना सुट्टीच्या दिवशी एक रिकामा वर्ग द्यावा. फासे, कागद आणि माणसे मुले स्वतः जमवतील.