यांत्रिक नौकेच्या इंजिनास डिझेल न मिळाल्यास

स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेटत नाही, अशा वेळी तांडेल बहुधा नळीतील हवा काढू लागतो. त्याआधी इंधनपंपावरील विजेची झडप पाहावी. बऱ्याच इंजिनांत ती वीज मिळाली तरच उघडते. किल्ली फिरविताच तेथे ‘टक्’ असा आवाज व्हावयास हवा. न झाल्यास १२ व्होल्टचा दिवा झडपेची तार व इंजिनाचे धड यांमध्ये धरावा. दिवा स्वच्छ पेटल्यास दोष झडपेत समजावा. मंद पेटल्यास वा न पेटल्यास फ्यूज व तारांचे जोड तपासावेत. खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवट थर चढतो. आमच्या मते निम्मे बिघाड तेथेच सापडतात. बॅटरीची तार सोडून जोड घासावेत, घट्ट आवळावेत व वरून ग्रीस लावावे. ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी हा जोड सुटला, तर नौका बाहेर ओढली जाते. म्हणून तपासणी किनाऱ्यावरच उरकावी. पेट्रोलच्या इंजिनावर ही परीक्षा करू नये. तेथे एक ठिणगीही घातक ठरते.