कुर्ल्यात रिम विकली जाते, टायर पडून राहतो

कुर्ला पश्चिमेहून कलिन्याकडे जाणाऱ्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा आणि भंगाराचा बाजार आहे. दरवाजे, बंपर, गिअरबॉक्स, सगळे सुटे करून इथे विकले जाते. याच कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता आणि मुंबईची टॅक्सी झालेली पद्मिनी तिथेच तयार व्हायची. जिथे गाड्या जोडल्या तिथेच त्या सोडवल्या जाव्यात, हा योगायोगही असेल. पण हा बाजार म्हणजे शहराची नुसती घाण, ही समजूत तपासून पाहायला हवी, आणि त्यासाठी चाकाकडेच पाहावे लागते.

टायर रिमवरून उतरवणे अंगमेहनतीचे काम आहे आणि अकलेचेही. आधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची. ट्रकच्या जुन्या, लॉक रिंगच्या चाकात हवा राहिली तर रिंग उडून जीवही जाऊ शकतो. मग रिमला चिकटलेली टायरची कड पहार-घणाने सुटी करायची आणि टॉमी, म्हणजे चपट्या टोकाची लोखंडी पट्टी, घालून ती वर काढायची. कडेत पोलादी तारांचा वेढा असल्याने ती ताणली जात नाही. समोरची बाजू रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबली तरच इकडची वर येते. बॅलन्सिंगची शिशाची वजने आणि अ‍ॅलॉयच्या रिम वेगळ्या काढतात, कारण शिसे आणि अ‍ॅल्युमिनियम यांचा भाव लोखंडापेक्षा बराच जास्त. एवढा खटाटोप होतो तो धातूसाठी. नक्षी शिल्लक असलेला टायर पुन्हा विकला जातो, काही रिमोल्डला, म्हणजे नवी नक्षी चढवायला, जातात. गुळगुळीत झालेल्याला मात्र गिऱ्हाईक मिळणे कठीण. तो साचतो, पावसाचे पाणी धरतो, त्यात डेंग्यूचे डास वाढतात. नाहीतर आतल्या तारेसाठी कुठेतरी जाळला जातो.

म्हणजे घाण टायरला भाव नसल्याची आहे. यावर कोणी म्हणेल, असे बाजार चोरीच्या गाड्या पचवतात, ते हटवलेलेच बरे. आक्षेप पोकळ नाही. मेरठच्या सोतीगंजचा बाजार २०२१ मध्ये पोलिसांनी बंद केला तो याच कारणावरून. त्याच वर्षी केंद्राने नोंदणीकृत मोडणी केंद्रांचे नियम आणले. चासी क्रमांक, बॅटरी आणि तेल यांसाठी ती केंद्रे हवीतच. पण तिथल्या यंत्राने टायर लवकर उतरतो, एवढेच. त्याला गिऱ्हाईक यंत्र कुठून आणणार? त्या प्रश्नाला हात घातला तो केंद्राच्या २०२२ च्या टायरविषयक नियमांनी. टायर बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांना आता पुनर्वापर करणाऱ्यांकडून प्रमाणपत्रे विकत घ्यावी लागतात. ती कागदावरच फिरतील, ही शंका रास्त आहे. म्हणूनच त्या पैशातला काही वाटा बाजारातल्या वजनकाट्यावर रोख मिळायला हवा. किलोमागे चार पैसे सुटत असतील तर टॉमी चालवणारा स्वतःच टायर काट्यावर आणून टाकील. रिम तो आजही तशीच आणतो.