हरकतीआधी इच्छा

जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये एल्बे नदीच्या काठावर एक छोटी बाग आहे. तिथल्या हिरवळीचा आकार लाटेसारखा आहे. तिचं नाव ‘उडता गालिचा’. शेजारी ताडाची झाडं आहेत, पण ती कृत्रिम. समोर बंदराच्या क्रेन. संध्याकाळी माणसं गालिच्यावर पाय पसरून जहाजं बघत बसतात. या बागेचं नाव ‘पार्क फिक्शन’. तिचा आराखडा वस्तीनेच घडवला.

ही बाग ज्या सांक्ट पाउलीत आहे, ती 1990च्या दशकात शहरातली गरीब, दाटीवाटीची वस्ती होती. त्याच काळात नदीकडे उघडणारी तिथली मोकळी जागा इमारतींसाठी द्यायचं पालिकेने ठरवलं. रहिवासी एकत्र आले. त्यांत चर्चची माणसं होती, तसेच शेजारच्या हाफेनश्ट्रासे या रस्त्यावरच्या घरांचा ताबा 1980च्या दशकात लढून टिकवणारेही होते. क्रिस्टॉफ शेफर आणि कॅथी स्कीन हे कलावंत त्यांना येऊन मिळाले.

त्यांनी नुसता विरोध केला नाही. बाग मंजूर झालीच आहे, अशा थाटात तिचं नियोजन सुरू केलं. जागेवर एक कंटेनर आणून ठेवला, तेच नियोजनाचं कार्यालय. ज्यांना तिथे येणं जमत नसे, त्यांच्याकडे एक पेटी घेऊन कार्यकर्ते घरोघरी जात. पेटीत प्रश्नावली, नकाशे, आवाज टिपायचं यंत्र आणि मॉडेल करायला रंगीत माती. रात्री-अपरात्री काही सुचलं तर कळवायला फोनची सोय होती. नकाशा वाचता न येणारं मूलसुद्धा मातीतून आपली बाग दाखवू शकत होतं. या साऱ्यातून इच्छांचा एक संग्रहच उभा राहिला.

कलावंतांचं खरं काम मला इथे दिसतं. त्यांनी वस्तीत पुतळा उभारला नाही की भिंत रंगवली नाही. लोकांच्या मनातलं बाहेर यावं, अशी साधनं घडवली. माहिती गोळा करता करताच जागेवरचा हक्कही रुजत गेला. अखेर पालिकेला इमारतींचा बेत सोडावा लागला. 2002मध्ये कासेलच्या ‘डॉक्युमेंटा’ या मोठ्या कलाप्रदर्शनात हा प्रकल्प मांडला गेला आणि 2005मध्ये बाग खुली झाली. इस्तंबूलच्या गेझी बागेसाठी लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा 2013मध्ये त्यांना साथ म्हणून हॅम्बुर्गच्या या बागेचं नाव ‘गेझी पार्क फिक्शन’ करण्यात आलं.

आपल्याकडे विकास आराखड्याचा मसुदा आधी प्रसिद्ध होतो, मग हरकती-सूचना मागवतात. या हरकतींत ताकद आहे: 2015मध्ये मुंबईचा मसुदा हजारो हरकतींनंतर नव्याने करावा लागला. पण हरकत घ्यायला आधी दुसऱ्याने काढलेली रेघ लागते. ती रेघ ओढली जाण्यापूर्वी मातीचा एक गोळा आपल्या वस्तीतल्या आजींच्या, पोरांच्या हाती का देऊ नये?