पायांच्या फुगलेल्या शिरा : दुखणे जुने, उपाय नवा

गादीवर मांडी घालून बसण्याची पेढी आता क्वचितच आढळते. तिची जागा काउंटरने घेतली आणि कापड, किराणा वा औषधांचा व्यापारी दिवसभर उभा राहू लागला. स्वयंपाकही चुलीपुढून उठून ओट्यावर आला. सायंकाळी पाय जड होणे, घोट्याभोवती सूज येणे, पोटरीवर निळसर, वेड्यावाकड्या शिरा उमटणे हे अशा घरांना नवे नाही. ‘उभ्याचा धंदा, पाय दुखणारच’ असे म्हणून ते सोडून दिले जाते. पुढे कित्येकांच्या घोट्याच्या आतील बाजूची त्वचा काळवंडते, खाजते आणि काहींच्या बाबतीत फुटून अशी जखम होते की ती महिनोन्‌महिने भरत नाही. या विकारास ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात.

झडपा का निकामी होतात?

पायातील रक्त हृदयाकडे वर चढते ते पोटरीच्या स्नायूंच्या दाबामुळे. ते खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये एकाच दिशेने उघडणाऱ्या नाजूक झडपा असतात. आनुवंशिकता, वाढते वय, गर्भारपण, स्थूलता आणि दीर्घकाळ उभे राहणे यांमुळे त्या नीट मिटेनाशा होतात. मग रक्त उलटे वाहते, खाली साचते आणि शिरा फुगतात. घोट्यापासून जांघेपर्यंत जाणारी त्वचेखालची मोठी शीर बहुधा या बिघाडाचे मूळ असते. रुग्णास उभे करून केलेल्या कलर डॉपलर सोनोग्राफीत हा उलटा प्रवाह स्पष्ट दिसतो.

उष्णतेचा उपाय

पूर्वी जांघेजवळ छेद घेऊन ही शीर ओढून काढीत. 1999 साली अमेरिकेत रेडिओफ्रीक्वेन्सीच्या उपचारास मान्यता मिळाली. पाठोपाठ लेसरही आला. यात सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईच्या छिद्रातून एक बारीक नळी शिरेत सरकवतात. शिरेभोवती भूल देणारे पातळ द्रावण भरतात. त्याने वेदना कमी होते आणि आसपासची त्वचा व मज्जातंतू उष्णतेपासून वाचतात. प्रचलित रेडिओफ्रीक्वेन्सी पद्धतीत नळीचे 7 सेंटीमीटरचे टोक 120 अंश सेल्सियसपर्यंत तापते. एकेका भागास सुमारे 20 सेकंद लागतात. शीर आतून आक्रसते, बंद होते आणि कालांतराने शरीरातच विरते. रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो.

शीर बंद केल्यास रक्त जाणार कोठून, ही शंका स्वाभाविक आहे. पायातील बहुतांश रक्त खोलवरच्या शिरांतून परतते. त्या निरोगी आहेत ना, हे आधी तपासले जाते. हीच शीर पुढे हृदयाच्या बायपाससाठी लागेल, अशी धास्तीही काही घरांत असते. परंतु झडपा बिघडून फुगलेली शीर त्या कामास बहुधा योग्य ठरत नाही.

ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2013 च्या मार्गदर्शक सूचनांत या उपचारास पहिली पसंती दिली. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, 450 रुग्णांच्या ब्रिटिश अभ्यासात जखम असतानाच लवकर उपचार केलेल्यांच्या जखमा साधारण 56 दिवसांत, तर उपचार लांबवलेल्यांच्या 82 दिवसांत भरल्या. दोन्ही गटांना दाबपट्ट्या बांधल्या होत्याच.

निर्णयापूर्वी

उपचार निर्धोक मात्र नाही. काळेनिळे डाग, काही काळ बधिरता आणि क्वचित खोल शिरेत रक्ताची गुठळी संभवते. काही वर्षांनी नव्या शिरा फुगू शकतात. त्वचेवरील केवळ कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषांसाठी सहसा याची गरज नसते. घट्ट मोजे वापरण्यापूर्वी, विशेषतः मधुमेह असल्यास, पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्यावा.

अहिंसाव्रत पाळणाऱ्या कुटुंबांनी एक गोष्ट आधीच विचारावी. गुठळी टाळण्यासाठी काही रुग्णांना दिले जाणारे हेपॅरिन सामान्यतः डुकराच्या आतड्यापासून बनते. फोंडापॅरिनक्ससारखे कृत्रिमरीत्या तयार केलेले औषध उपलब्ध आहे. ते आपल्यास योग्य आहे का, हे डॉक्टरच ठरवतील. शरीरात पाणी कमी पडणे या काळात हिताचे नाही. म्हणून पर्युषण वा दशलक्षण पर्वात उपवास करावयाचे असल्यास तारीख तशी ठरवावी. जखम झालेली असेल तर मात्र उपचार लांबवू नये.

विम्याचा कागदही वाचावा. अनेक पॉलिसींत या विकारासाठी दोन वर्षांची प्रतीक्षा असते. त्यामुळे दुखणे बळावल्यावर घेतलेला विमा ऐनवेळी कामी येत नाही.

दुकानात दर तासाला चार पावले चालणे, टाचा उचलून पोटऱ्या हलवणे, रात्री पाय उशीवर ठेवणे यांस खर्च नाही. यांनी बिघडलेल्या झडपा सुधारत नाहीत, पण पायांवरचा भार हलका होतो. घोट्याजवळची त्वचा काळवंडू लागली, की मात्र तपासणी पुढे ढकलू नये. देणे वेळेवर फेडले तर व्याज चढत नाही, हे व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. शरीराचा हिशेबही तसाच आहे.