थांबायचं कुठे, हे कळणारे थर

एक काचपट्टी घ्या, रसायनांनी धुऊन लख्ख केलेली. शेजारी चार चंचुपात्रं मांडा. एकात धनभारित पॉलिमर विरघळवलेलं पाणी, दुसऱ्यात ऋणभारित पॉलिमर विरघळवलेलं पाणी, उरलेल्या दोनांत नुसतं स्वच्छ पाणी. पट्टी पहिल्या द्रावणात दहा-वीस मिनिटं बुडवा, पाण्यात खळबळून काढा, दुसऱ्या द्रावणात बुडवा, पुन्हा खळबळा. मग परत पहिल्यापासून. निर्वात कक्ष नको, भट्टी नको, लेसर नको.

डोळ्यांना बराच वेळ काहीच दिसत नाही. तरीही प्रत्येक बुडीला पट्टीवर एक थर चढलेला असतो. त्याची जाडी साधारण एक ते पाच नॅनोमीटर. एका मिलिमीटरात दहा लाख नॅनोमीटर मावतात, म्हणजे शंभर बुड्या मारल्या तरी सगळे थर मिळून मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याच्या आतच राहतात. आणि तरी हिशेब चोख. पॉलिमरांच्या कित्येक जोड्यांत दहा थरांची जी जाडी, तिच्या दुप्पट वीस थरांची. बुड्या मोजल्या की जाडी कळली.

आता खरी गंमत. पट्टी वीस मिनिटांऐवजी रात्रभर बुडवून ठेवली तर? थर काही वाढत नाही. द्रावणात पॉलिमर भरपूर शिल्लक असतो, पट्टी जागच्या जागी असते, अडवणारं कुणी नसतं. थर आपला आपण थांबलेला असतो.

तो थांबतो कसा, हे समजलं की या सगळ्या तंत्राची किल्लीच हाती येते. पाण्यात काचेच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो. धनभारित पॉलिमरची साखळी तिच्याकडे ओढली जाते आणि चिकटते. पण ही साखळी लांबलचक असते, तिच्यावर शेकडो धनभार असतात. त्यातले काही काचेवरच्या ऋणभारांशी जुळतात, बाकीचे साखळीच्या वेटोळ्यांसकट आणि मोकळ्या टोकांसकट पाण्यात लोंबत राहतात. परिणामी काचेचा ऋणभार नुसता फिटत नाही, तो उलटतो आणि पट्टी आता धनभारित होते. मागून येणाऱ्या धनभारित साखळ्यांना पृष्ठभागच दूर लोटतो. पुढचा थर चढवायचा तर विरुद्ध भाराचंच द्रावण लागतं, आणि तो थर बसला की भार पुन्हा उलटतो. अधिक, उणे, अधिक, उणे. ही उलटापालट उपकरणावर मोजता येते आणि ती दर बुडीला हजेरी लावते.

विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, एवढं सांगून मात्र हिशेब मिटत नाही. पाण्यातल्या भारित साखळीभोवती आधीपासूनच छोटे आयन घोटाळत असतात, कुठे सोडियम, कुठे क्लोराइड. दोन साखळ्या एकमेकींना बिलगतात तेव्हा या आयनांची सुटका होते आणि ते पाण्यात मोकाट पसरतात. त्यांच्या पसरण्यानं जी अव्यवस्था वाढते, तीच या बांधणीमागचा मोठा जोर असतो. पट्टीवर शिस्तीत थर रचला जातो आणि त्याची किंमत पाण्यात वाढलेल्या पसाऱ्यानं चुकती होते. म्हणूनच द्रावणात मीठ किती, याला इतकं महत्त्व. मीठ वाढवलं की साखळीवरचे भार झाकले जातात, ताणलेली साखळी गोळा होऊन बसते आणि थर जाड होतो. नॅनोमीटरची मोजणी मिठाच्या प्रमाणावर चालते! हीच दोन द्रावणं एकत्र ओतली तर मात्र ती गढूळ होऊन गाळ खाली बसतो. पदार्थ तेच, ओढ तीच. पाळीपाळीनं भेटवले तर चित्रासारखा पापुद्रा, एकदम भेटवले तर गाळ.

इतकी साधी कृती सापडायला विसावं शतक सरत आलं. त्याआधी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत अर्विंग लँगम्यूर आणि कॅथरीन ब्लॉजेट यांनी पाण्यावर तरंगणारा एका रेणूच्या जाडीचा पापुद्रा काचेवर उतरवून घेण्याची रीत बसवली. १९३८मध्ये ब्लॉजेट यांनी असे ४४ थर चढवून जिच्यावर चकाकी येत नाही अशी काच करून दाखवली. पण हे थर मऊ, पुसले तर निघून जाणारे. शिवाय त्यांना खास टाकी लागे आणि पृष्ठभाग सपाट लागे. १९६६मध्ये ड्यूपाँ कंपनीतल्या राल्फ आयलर यांनी सिलिका आणि ॲल्युमिनाचे विरुद्ध भाराचे सूक्ष्म कण आळीपाळीनं काचेवर बसवले. थर वाढत गेले तसे काचेवरचे रंग पालटत गेले आणि त्या रंगांवरून जाडीचा अंदाज बांधता आला. कल्पना पूर्ण होती, पण तिच्यामागे फारसं कुणी गेलं नाही. पाव शतकानं, १९९१च्या सुमारास, जर्मनीत माइन्झ विद्यापीठात गेरो डेशर आणि त्यांचे सहकारी जाँग-दाल हाँग यांनी ती भारित रेणूंसाठी नव्यानं उभी केली आणि लवकरच तिथे पॉलिमरच्या साखळ्या आल्या. १९९७मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात डेशर यांचा आढावा आला आणि मग जगभरच्या प्रयोगशाळांत बुड्यांना सुरुवात झाली.

या आढाव्याच्या शीर्षकातच डेशर यांनी या थरांना ‘फझी’ म्हटलं होतं, म्हणजे धूसर कडांचे. न्यूट्रॉनांचा झोत टाकून आत डोकावलं तेव्हा दिसलं की शेजारशेजारचे थर एकमेकांत बरेच शिरलेले असतात. पण ठरावीक अंतरावर खुणेचा थर घातला, तर तो आपल्या अंतरावर बरोबर सापडतो. सीमा पुसट असल्या तरी क्रम मोडत नाही.

एकदा हे जमलं की थरात काय घालायचं याला बंधन उरत नाही. भार असला म्हणजे झालं. प्रथिनं चालतात, डीएनए चालतो, धातूंचे नॅनोकण चालतात, आणि चक्क चिकणमातीही चालते. माँटमोरिलोनाइट नावाच्या मातीचे पत्रे जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचे असतात. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीतही याच कुळातली माती असते. पावसात ती फुगते ती पत्र्यांमध्ये पाणी शिरतं म्हणून, आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात त्या ते पाणी निघून जातं म्हणून. मिशिगन विद्यापीठात निकोलस कोटोव्ह यांच्या गटानं या पत्र्यांचा आणि पॉलिमरचा आळीपाळीनं थर दिला. शिंपल्याच्या आतला चमकदार मोतिया थर असाच बनलेला असतो, कठीण पत्रे आणि मधे मऊ सेंद्रिय पदार्थ. २००७मध्ये त्यांनी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि माती यांच्या थरांच्या तीनशे जोड्या चढवल्या. इथे ओढ मात्र भारांपेक्षा मुख्यतः हायड्रोजन बंधांची होती. नंतर साखळ्या एकमेकींना रसायनानं बांधल्या आणि हाती आलेला पापुद्रा नुसत्या पॉलिमरच्या सुमारे दसपट ताण सोसू लागला. माती असूनही तो आरपार दिसणारा होता, कारण पत्रे इतके पातळ आणि इतके सरळ रचलेले की प्रकाश त्यांच्यावर फारसा विखुरत नाही.

सपाट काचेचंही बंधन नाही. गोल कणावर थर चढवता येतात. १९९८मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत हेल्मुट म्योवाल्ड यांच्या गटानं असे कण थरांनी मढवले आणि मग आतला कण आम्लात विरघळवून टाकला. मागे उरली पोकळ कुपी, जिची भिंत काही नॅनोमीटरची. तिच्यात औषध भरता येईल, हा विचार लगेच आला. पण आधी कण बनवायचा, मढवायचा, मग विरघळवायचा, हे खर्चाचं काम. पोकळ वस्तू तयारच मिळाली तर?

ती मिळते, आणि खाणीत मिळते. तिचं नाव हॅलॉयसाइट. बेल्जियममधल्या लिएजजवळ सापडलेल्या या मातीचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पिएर बेर्तिए यांनी १८२६मध्ये केलं आणि बेल्जियन भूवैज्ञानिक ओमालियस द’हालुआ यांचं नाव तिला दिलं. घटकांनी पाहिलं तर ही कपबशांची चिनी मातीच, केओलिनची सख्खी बहीण; फक्त हिच्या पदरांमध्ये थोडं पाणी जास्त. पण त्या थोड्या पाण्यानं सगळी घडण पालटते. दोन्ही मातींचा प्रत्येक पदर दुहेरी असतो, एका अंगाला सिलिका आणि दुसऱ्या अंगाला ॲल्युमिना. अडचण अशी की सिलिकाचं अंग किंचित मोठं भरतं. केओलिनमध्ये पदर एकमेकांना घट्ट धरून असतात, सिलिकाचे घटक थोडे फिरून जागा करून घेतात आणि पत्रा सपाट राहतो. हॅलॉयसाइटमध्ये मधल्या पाण्यानं ही पकड सैल होते आणि पदर वळतो, मोठं अंग बाहेर आणि लहान अंग आत. अळूवडीच्या उंड्यासारखी पंधरा-वीस वेटोळी बसतात, पण मधे पोकळी राहते. अशा दुहेरी पदराला वळण्याचा कल असणार, हे लिनस पॉलिंग यांनी १९३०मध्येच ताडलं होतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नळ्या स्पष्ट ओळखल्या गेल्या त्या १९५०च्या सुमारास.

नळी बाहेरून साधारण ५० ते ७० नॅनोमीटर रुंद, आतली पोकळी १० ते १५ नॅनोमीटरची, लांबी सहसा मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास. न्यूझीलंडच्या मातौरी उपसागराकाठची ही माती शुभ्र पोर्सलिनसाठी जाते. अमेरिकेत युटामधल्या ड्रॅगन खाणीतली माती विसाव्या शतकाच्या मध्याला खनिज तेलाच्या शुद्धीकरणात उत्प्रेरक म्हणून वापरली गेली. नळ्या तेव्हाही टनावारी निघत होत्या. त्यांच्या पोटात काही भरावं, हे मात्र बरंच नंतर सुचलं. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत रोनाल्ड प्राइस यांनी त्यांच्याकडे संथपणे द्रव्य सोडणाऱ्या कुप्या म्हणून पाहिलं. माइन्झला डेशर यांच्याबरोबर थर रचलेले युरी ल्वोव्ह पुढे लुइझियाना टेक विद्यापीठात गेले आणि त्यांनी थरांची आणि नळ्यांची गाठ घालून दिली.

ही गाठ सहज बसण्याजोगीच होती. नेहमीच्या पाण्यात या नळीचं बाहेरचं सिलिकाचं अंग ऋणभारित असतं आणि आतलं ॲल्युमिनाचं अंग धनभारित. एकाच वस्तूचे आत-बाहेरचे दोन स्वभाव! ऋणभारित द्रव्य पोकळीत शिरून बसतं, धनभारित पॉलिमर बाहेरून मढवतो आणि तिथून पुढे अधिक-उणेचे थर हवे तितके चढवता येतात. भरण्याची रीतही साधी आहे. नळ्या संपृक्त द्रावणात घालून हवा ओढून घ्यायची. पोकळीतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते, दाब पूर्ववत केला की द्रावण आत शिरतं. असं दोन-तीनदा केलं की नळीच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास द्रव्य आत साठतं. उघडं ठेवलं असतं तर मिनिटांत विरघळून जाणारं द्रव्य नळीतून तासन्तास झिरपत राहतं. तोंडं बुजवली किंवा बाहेरून थर चढवले तर आणखी सावकाश.

याचा एक देखणा उपयोग रंगात झाला. विमानांत वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूवर गंजरोधक भरलेल्या, थरांनी मढवलेल्या नळ्या असलेला लेप दिला. लेपावर ओरखडा पडला की तिथे धातू उघडा पडतो, गंजण्याची सुरुवात होते आणि त्या जागेची आम्लता पालटते. आम्लता पालटली की पॉलिमरांचे भार बदलतात, थर सैलावतात आणि गंजरोधक सुटतो. बाकी लेपाला कसलाही पत्ता लागत नाही. औषध लागतं तिथेच, लागतं तेव्हाच बाहेर पडतं आणि हे ठरवणारा संवेदक म्हणजे तो गंजच.

अडचणी आहेतच. बुडवणं वेळखाऊ, म्हणून आता द्रावणं फवारून काही सेकंदांत थर देण्याच्या रीती आल्या. हॅलॉयसाइट रक्तात विरघळत नाही, त्यामुळे ते टोचून देण्याच्या कामाचं नाही. मलमं, जखमेच्या पट्ट्या, लेप आणि प्लास्टिक ही त्याची क्षेत्रं. आणि खाणीतल्या नळ्या सगळ्या एका लांबीच्या नसतात. त्या निवडून, गाळून, धुऊनच घ्याव्या लागतात.

पण कुठे कष्ट पडत नाहीत, तेही पाहण्यासारखं आहे. नॅनोमीटर-नॅनोमीटरनं थर बसवण्याचं काम कुणाला करावं लागत नाही आणि पत्रा वळून नळी करण्याचं तर नाहीच नाही. एकीकडे भार उलटतो म्हणून थर थांबतो, दुसरीकडे दोन अंगं जुळत नाहीत म्हणून पदर वळतो. नेमकेपणा दोन्हीकडे पदार्थाच्या स्वभावातूनच येतो. माणसाला निवडायचा असतो तो पदार्थ, आणि सांभाळायचा असतो तो क्रम.